मेंदूत पसरलेला कर्करोग : शेक दहा दिवस की पाच दिवस?

आजचा विषय थोडा जड आहे, पण ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांना तो नीट कळायलाच हवा.

समजा, गोरखपूरच्या एका बाईंना फुफ्फुसाचा कर्करोग आहे. डोकं दुखतं, उलट्या होतात, उजवा हात जड पडलाय. एमआरआयमध्ये मेंदूत अनेक गाठी दिसतात. मुलगा त्यांना लखनौला आणतो. तिथे डॉक्टर म्हणतात, "सिकाई करावी लागेल, पाच दिवस." लखनौकडे रेडिएशनला सिकाई म्हणतात, आपल्याकडे शेक किंवा लाईट. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला मात्र दहा दिवस सांगितलेत. मुलाच्या मनात लगेच येतं, आपण गरीब म्हणून अर्धाच उपचार देतायत का?

तर नाही. हे का, ते समजून घेऊ.

रेडिएशनची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. संपूर्ण मेंदूला शेक देण्याच्या दोन पद्धती जगभर रूढ आहेत. एकीत रोज 3 ग्रे, दहा वेळा, म्हणजे एकूण 30. दुसरीत रोज 4 ग्रे, पाच वेळा, म्हणजे एकूण 20. आठवड्यातून पाच दिवस शेक धरला, तर पहिलीला दोन आठवडे लागतात, दुसरीला एक.

आता 30 आणि 20 यांची सरळ तुलना करू नका. एका वेळची मात्रा वाढली, की पेशींवरचा परिणाम त्याहून जास्त वेगाने वाढतो. निरोगी मेंदूला तर मोठी मात्रा अधिकच जाचते, तेही पुढे काही महिन्यांनी. म्हणून रोजची मात्रा वाढवली की एकूण मात्रा कमी करावीच लागते. तरीही गाठीवरचा एकूण मारा पाच दिवसांत थोडा कमीच पडतो, हे खरं. मग त्यानं आयुष्य घटतं का? अमेरिकेत 1970च्या दशकात एका आठवड्यात 20 ग्रेपासून चार आठवड्यांत 40 ग्रेपर्यंतच्या पद्धती ताडून पाहिल्या. जगण्याच्या काळात आणि त्रास कमी होण्यात मोठा फरक दिसला नाही.

मग एकाच दिवसात का उरकत नाहीत? तेही करून पाहिलं. संपूर्ण मेंदूला एकदाच 10 ग्रे दिले, तेव्हा आराम पडला, पण तो कमी काळ टिकला. कमी दिवसांनाही मर्यादा आहे ती अशी.

गाठी मोजक्या आणि लहान असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे फक्त गाठीवर नेम धरतात. याला रेडिओसर्जरी म्हणतात, पण यात चाकू नसतो. गाठीच्या आकारानुसार 15 ते 24 ग्रे एकाच बैठकीत देता येतात, आणि मोठ्या गाठीला तीन किंवा पाच बैठकांत. बाकीचा मेंदू बराचसा वाचतो, त्यामुळे स्मरणशक्तीचं नुकसान कमी होतं.

आणि कधी कधी शेक न देणंही योग्य असतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या 'क्वार्ट्झ' या अभ्यासाचे निष्कर्ष 2016मध्ये प्रसिद्ध झाले. फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरलेले 538 रुग्ण त्यात होते. शस्त्रक्रिया किंवा रेडिओसर्जरी त्यांना योग्य ठरत नव्हती. निम्म्यांना औषधं आणि पाच दिवसांचा शेक दिला, निम्म्यांना नुसती औषधं आणि शुश्रूषा. निम्मे रुग्ण जिथपर्यंत जगले तो काळ 9.2 आणि 8.5 आठवडे, म्हणजे फरक जेमतेम पाच दिवसांचा.

आता त्या मुलाकडे परत येऊ. आईकडे वेळ मोजकाच असेल, तर घरापासून दूर, धर्मशाळेत काढलेला एक जादा आठवडा तिला महागात पडतो. परळला टाटा रुग्णालयात येणाऱ्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको. तब्येत चांगली असेल, शरीरातला बाकीचा आजार आटोक्यात असेल आणि पुढे बराच काळ मिळण्याची आशा असेल, तर मात्र रोजची मात्रा लहान ठेवणं किंवा फक्त गाठींवर नेम धरणं जास्त शहाणपणाचं.

म्हणून डॉक्टरांना हे विचारा : गाठी किती आणि केवढ्या आहेत? फक्त गाठींवर शेक देता येईल का? गोळ्यांनी काम होण्यासारखा कर्करोगाचा प्रकार आहे का? या शेकानं आईला नेमका काय आराम पडेल?

दोन साध्या गोष्टी शेवटी. सूज उतरवणारी स्टिरॉइडची गोळी मनाने बंद करू नका, ती हळूहळूच कमी करायची असते. आणि बाहेरून दिलेला हा शेक अंगात उरत नाही. घरी परतल्यावर नातवंडांना आजीच्या कुशीत खुशाल बसू द्या.