वसईचे संत गोन्सालो गार्सिया

चैत्री पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या येतात आणि सारा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. आपले गाव कोणाच्या तरी कृपाछत्राखाली आहे, ही भावना त्या उंच, सजविलेल्या काठीमागे असते. अशीच भावना वसईच्या ख्रिस्ती गावांतही आढळते. मात्र तेथे गावाचा पाठीराखा देव नसून संत असतो. संत हा मनुष्यच. तो आपल्यासाठी देवापाशी रदबदली करतो, अशी कॅथलिक लोकांची श्रद्धा आहे.

एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या वस्तीला वसईकडे धर्मग्राम म्हणतात. धर्मग्रामाला बहुधा एखाद्या संताचे अथवा मारियामातेचे नाव असते व त्या नावाचा सण दरवर्षी साजरा होतो. सांडोरचे चर्च संत थॉमस यांच्या नावाचे आहे. रमेदी या गावाला तर मारियामातेच्या एका पोर्तुगीज बिरुदावरूनच नाव पडले. व्याधींवर उपाय करणारी माता, असा त्या बिरुदाचा अर्थ. पण गास येथील चर्च ज्यांच्या नावाचे आहे, ते संत दूरदेशीचे नव्हेत. ते वसईचेच.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. तेव्हा वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. तुमच्याहून थोडे मोठे असतानाच ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. जेझुइट संघात आपल्याला घ्यावे, ही त्यांची इच्छा पुरी झाली नाही. मग काही काळ त्यांनी व्यापार केला आणि पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले.

१५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांचे एक शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले. त्यांना दुभाषी हवा होता आणि गोन्सालोंना जपानी येत होती! दुभाष्याचे काम सोपे नसते. एकाचे बोलणे दुसऱ्याला जसेच्या तसे कळवायचे आणि रोष झाला तर तो दोघांच्या मध्ये उभे राहून सोसायचा. प्रारंभी हिदेयोशीने या मंडळींना राहू दिले. परंतु १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरील मालावरून तंटा झाला, परकीयांच्या हेतूविषयी संशय बळावला आणि धर्मप्रचारकांना पकडण्याची आज्ञा सुटली.

क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. मग भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. तेथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांतील बहुतेक जण जपानी होते. लुई इबाराकी हा तर अवघ्या बारा वर्षांचा होता. धर्म सोडल्यास जीव वाचेल, असे सांगूनही तो डगमगला नाही.

१८६२ मध्ये पोपने या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा मान प्रथम गोन्सालोंना मिळाला. वसईतील एका महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे. संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या २६ जणांचे स्मारक उभारले गेले. तेथील ब्राँझच्या मूर्तींच्या रांगेत वसईचा हा दुभाषीही उभा आहे.