गोव्यातला पोर्तुगीज पासपोर्ट: ‘दुहेरी’ म्हणजे नेमके काय?

गोवा, दमण आणि दीव येथे पोर्तुगीज अमलात, म्हणजे डिसेंबर 1961 मधील मुक्तीपूर्वी, जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानते आणि त्या नात्याने त्यांच्या मुलांनाही पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते. एवढी गोष्ट खरी. तिच्याभोवती जमलेले समज मात्र अनेक कुटुंबांना महागात पडतात.

आई किंवा वडील मुक्तीपूर्वी जन्मले म्हणून मूल आपोआप पोर्तुगीज ठरत नाही. पोर्तुगालच्या 1981 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेल्याचा जन्म पोर्तुगालच्या नागरी नोंदणीत चढवावा लागतो, किंवा पोर्तुगीज होण्याची इच्छा रीतसर जाहीर करावी लागते. साधारणपणे आधी पालकांचा जन्म, मग त्यांचा विवाह आणि शेवटी मुलाचा जन्म, असा क्रम असतो. काम अडते ते बहुधा नावापाशी. जुन्या पोर्तुगीज दाखल्यावर ‘पोरोबो’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘प्रभू’ असेल, तर दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. हा हक्क फक्त ख्रिस्ती कुटुंबांचा आहे, हेही चूक. कायदा धर्म विचारत नाही.

सर्वांत घातक समज म्हणजे भारतीय आणि पोर्तुगीज असे दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवता येतात, हा. पोर्तुगालची त्याला हरकत नाही, भारताची आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे कलम 9 सांगते की, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. गोवेकरांना यात वेगळी सवलत नाही, कारण 1962 च्या आदेशाने ते 20 डिसेंबर 1961 पासून भारताचे नागरिक ठरले. लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंदणी केल्याने भारतीय नागरिकत्व जाते का, यावर न्यायालयात वाद झाले आहेत. पासपोर्टबाबत मात्र नियम स्पष्ट आहे: परदेशी पासपोर्ट मिळवणे हा परदेशी नागरिकत्व स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो वापरत राहणे गुन्हा आहे. मतदारयादीत नाव राहिले म्हणून मताचा हक्क राहत नाही.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणाऱ्या ओसीआय कार्डालाही लोक ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात. प्रत्यक्षात तो आजीवन व्हिसा आहे. कार्डधारकाला भारतात राहता येते आणि बहुतेक व्यवसाय करता येतात. पण मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि सर्वसाधारणपणे सरकारी नोकरीही मिळत नाही. गावात बागायती असलेल्या घराने हे आधीच ध्यानात घ्यायला हवे.

इंग्लंडची वाटही आता पूर्वीसारखी मोकळी नाही. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती झाली ती ब्रिटन युरोपीय संघात होते म्हणून. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 रोजी संपला. आता पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन तिथे नव्याने नोकरीला जाणाऱ्यालाही, भारतीय पासपोर्टवाल्याप्रमाणेच, कामाचा व्हिसा लागतो. पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघातील इतर देशांत राहण्याचा व काम करण्याचा हक्क मात्र कायम आहे.