होडीची रोषणाई : शोभा हवी, पण वाट चुकू नये



नारळी पौर्णिमा जवळ आली की खाडीकाठच्या गावांत होड्या रंगतात, सजतात. शेतीला जोडधंदा म्हणून पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्यांवरही आता रंगीत एलईडी पट्ट्या लागतात. दिसायला झकास! पण एक अनुभव ऐका.

गेल्या वर्षी शेतकरी मेळावा आटोपून रात्री होडीने परतत होतो. समोर हिरवा दिवा दिसला. तांडेल म्हणाला, "तिची उजवी बाजू दिसतेय, जाईल ती उजवीकडनं." प्रत्यक्षात ती होडी थेट आमच्यावरच येत होती! हिरवी पट्टी शोभेची होती आणि तिच्या झगमगाटात खरा लाल दिवा लपला होता. तांडेलाने ऐनवेळी सुकाणू वळवले म्हणून निभावले.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत होडीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि पांढरा दिवा हवा. १२ मीटरपेक्षा लहान यांत्रिक होडीला चहूबाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा आणि हे दोन बाजूचे दिवे चालतात. या दिव्यांशी घोटाळा होईल किंवा ते झाकले जातील, असा दुसरा दिवा लावायचा नाही.

मग रोषणाई करायचीच नाही का? जरूर करा, पण अशी :

- चालत्या होडीवर बाहेरून लाल, हिरवी पट्टी नको. पट्टी काठाच्या आत, खाली उजेड पडेल अशी लावा.
- तांडेलाच्या डोळ्यांवर उजेड नको. दिपलेले डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे जातात.
- साधी पाच मीटरची पट्टी १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर वीज खाते. अशा चार पट्ट्या पाच तास चालल्या की ४० अँपिअर-तास गेले. इंजिनाच्या बॅटरीवर हा भार टाकलात, तर भर खाडीत इंजिन सुरू होणार नाही. बॅटरी वेगळी ठेवा, तिच्याजवळच फ्यूज बसवा.
- पाण्यात प्रखर झोत सोडू नका. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली आहे. उगाच संशय नको.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की सणाआधी एका रात्री सजवलेल्या होड्या पाण्यात उभ्या करून धक्क्यावरून पाहाव्यात. लाल, हिरवा, पांढरा दिवा वेगळा ओळखू आला तरच होडी सोडावी. खर्च काही नाही. माणसे मात्र सुखरूप घरी येतील.