कोरडी गोदी

बंदरांचा पाठ शिकविताना आपण धक्का, दीपगृह व मालाची चढउतार यांची माहिती देतो. गोदीचा उल्लेख मात्र बहुधा नावापुरता होतो. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, पाण्यात असलेल्या जहाजाचा तळ दुरुस्त कसा करतात?” प्रश्न मार्मिक आहे.

समुद्रात राहिलेल्या जहाजाच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटतात आणि त्याचा वेग मंदावतो. लाकडी तळ तर एक सागरी जीव आतून पोखरून टाकतो; वरून धडधाकट दिसणारे गलबत अशाने खलाशांच्या जिवावर बेतते. लहान होडी वाळूवर ओढता येते. शेकडो टनांचे जहाज कोण ओढणार? म्हणून जहाज पाण्याबाहेर काढण्याऐवजी जहाजाखालचे पाणीच काढून घेण्याची युक्ती निघाली. हीच कोरडी गोदी.

किनाऱ्यालगत खोल, दगडी बांधणीचा हौद असतो. भरतीच्या वेळी जहाज आत घेऊन दार लावतात. ओहोटी लागली की झडपांवाटे पाणी बाहेर जाते. उरलेले उपसून काढतात. बाहेरच्या पाण्याचा दाबच दार घट्ट बसवितो. खरी कसोटी यानंतरची. पाणी उतरत असता जहाजाचा कणा तळाशी मांडलेल्या ठोकळ्यांवर नेमका टेकला पाहिजे व दोन्ही बाजूंनी टेकू लागले पाहिजेत. थोडी चूक झाली तरी जहाज कलंडेल. काम संपले की झडपा उघडावयाच्या. समुद्र आपण होऊन आत येतो व जहाज तरंगू लागते.

आपल्या किनाऱ्यावर ही विद्या जुनी आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. मुंबईस सुरतेहून आलेले कुशल सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १७५० मध्ये कोरडी गोदी तयार झाली. वाडिया घराण्याने मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. ते इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. सागाची महती सांगावयास याहून निराळा पुरावा नको.

वर्गात प्रयोग सोपा आहे. गळका डबा शाळेत सापडतोच. त्याचे भोक मेणाने बुजवून पाणी भरावे व निमुळत्या तळाची लाकडी होडी सोडावी. पहिल्या खेपेस टेकू न देता पाणी जाऊ द्यावे. होडी आडवी पडेल. दुसऱ्या खेपेस टेकू कोठे व केव्हा लावावयाचे, ते मुलांनाच ठरवू द्यावे.