हॉलंडमधलं रो-हाऊस घेताना

रो-हाऊस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे नाशिक-पुण्याकडची घरं येतील. पुढे तुळस, गच्चीवर पाण्याची टाकी. हॉलंडमध्येही नोकरदार माणसं अशाच ओळीतल्या घरांत राहतात, फक्त गच्चीच्या जागी कौलारू उतरतं छप्पर असतं. आम्ही उट्रेख्टला असतो. मिस्टरांची नोकरी इथली, मी घर सांभाळून आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते. २०२५ साली आम्ही असं घर घेतलं, तेव्हापासून तिकडच्या बहिणी-नणंदांचे प्रश्न संपत नाहीत. म्हटलं, एकदाच सगळं सविस्तर लिहावं. कुणाची लेक इकडे संसार मांडायला येणार असेल, तर तिलाही उपयोग होईल.

आमची वस्ती लाइडसे राइन. १९९०च्या दशकात डच सरकारनं ठरवलं की गावोगाव घरं पसरवण्यापेक्षा मोठ्या शहरांना लागून नव्या वसाहती उभारायच्या. त्यातली ही एक मोठी. पूर्वी इथे शेतं आणि काचेची हरितगृहं होती. जुनं शहर आणि नवी वस्ती यांच्यामध्ये मोठा हमरस्ता आडवा येत होता, तर या लोकांनी त्यालाच बोगद्यात घालून वर बाग केली! खोदताना रोमन काळातलं जहाज सापडलं, ते आता वस्तीतल्याच संग्रहालयात आहे. मुलं शाळेच्या सहलीत पाहून आली.

घराची रुंदी म्हणाल तर जेमतेम सतरा-अठरा फूट. खाली पुढच्या खिडकीपासून मागच्या दारापर्यंत एकच लांब खोली, तिलाच लागून उघडं स्वयंपाकघर. वर तीन झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर, त्याच्या वर माळा. कपडे धुण्याचं मशीन बहुतेक घरांत माळ्यावरच! जिना इतका उभा की पहिले आठ दिवस मी कठड्याला धरूनच उतरत होते. मागे छोटी बाग, बागेच्या टोकाला सायकलींची खोपटी. बाग दक्षिणेला असली तर इथे घराला जास्त भाव येतो, कारण ऊन मिळतं. सासूबाईंनी फोनवर 'दक्षिण' एवढंच ऐकलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. मागे दक्षिण म्हणजे पुढचं दार उत्तरेला, हे समजावल्यावर कुठे स्वस्थ झाल्या.

जुन्या शहरातली घरं दिसायला फार गोड, पण त्यांत एक मेख असते. जमीन मऊ, म्हणून इथे घरं जमिनीत ठोकलेल्या खांबांवर उभी करतात. ॲमस्टरडॅमचा राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत वर्षानुवर्षं टिकतं. जमिनीतलं पाणी खाली गेलं आणि त्याला हवा लागली की कुजायला लागतं. पाया दुरुस्त करणं म्हणजे संसाराची सगळी शिल्लक एका फटक्यात गेली समजा. नव्या वस्तीत खांब काँक्रीटचे, ती काळजी नाही. तरी तज्ज्ञाकडून घर तपासून घ्यावंच. आणि जमीन आपल्या मालकीची की शहराकडून भाडेपट्ट्यानं, हेही विचारावं. ॲमस्टरडॅममध्ये १८९६ पासून ही भाडेपट्ट्याची पद्धत आहे. घर आपलं, खालची जमीन नगरपालिकेची!

आता किमतीचं. घर पाहायला पंधरा-वीस मिनिटं देतात. भिंतीवर हात फिरवेपर्यंत पुढचं जोडपं दारात उभं. मग प्रत्येकानं बंद पाकिटात सांगावा तसा आपला आकडा कळवायचा, दुसऱ्याचा कळत नाही. आमच्या घराची सांगितलेली किंमत ५,२५,००० युरो होती. आमच्या दलाल बाईंनी (इथे त्यांना 'माकेलार' म्हणतात) शेजारपाजारच्या विक्रीचे आकडे काढले आणि आम्ही ५,५२,००० लिहिले. घर मिळालं. पण बँक कर्ज देते ते फार तर घराच्या मूल्यांकनाइतकं, आणि मूल्यांकन आलं ५,४५,०००. वरचे सात हजार पदरचे. त्यावर २ टक्के सरकारी कर, म्हणजे अकरा हजार. शिवाय दलाल, नोटरी, मूल्यांकन, कर्जाचा सल्लागार. म्हणजे कर्ज मिळालं तरी हाती पंचवीस-तीस हजार रोख हवेच. आमची मुलांच्या शिक्षणाची ठेव त्यात गेली. पाटल्या तेवढ्या वाचल्या.

त्या करात ३५ वर्षांच्या आतल्यांना एकदा सूट मिळते, पण २०२५ साली घराची किंमत ५,२५,००० च्या वर असेल तर सगळीच सूट जात होती. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्क १ टक्का कमी लागतं. इथे तसलं काही नाही, वय बघतात.

खरा पेच माझ्या पगाराचा होता. मिस्टरांच्या एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसेना. माझी अर्धवेळ नोकरी, तीही वर्षाच्या कराराची. बँकेचं म्हणणं, 'हिला पुढे कायम करण्याचा आमचा इरादा आहे' असं शाळेनं लिहून दिलं तरच तो पगार धरू. करारात आम्ही अट घातली होती की सहा आठवड्यांत कर्ज मंजूर झालं नाही तर व्यवहार दंडाशिवाय मोडता येईल. ही अट नसेल आणि पैसे उभे राहिले नाहीत, तर किमतीच्या १० टक्के दंड बसू शकतो! सहीनंतर घेणाऱ्याला तीन दिवस फेरविचाराला मिळतात, पण तीन दिवसांत कुठली बँक उत्तर देते? शाळेचं पत्र आलं चौथ्या आठवड्यात. तोवर मी वर्गात व्याकरण शिकवत होते आणि मनात बेरजा चालल्या होत्या. ज्या तीन दिवसांच्या नोकरीला घरीदारी सगळे 'तुझा छंद' म्हणायचे, तिच्यावर घर अडलं होतं.

नोटरीकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा लग्नाचा दाखला मागितला, अपॉस्टिलचा शिक्का असलेला. लग्न कुठे झालं, कधी झालं, त्यावर नवरा-बायकोच्या मालमत्तेला कुठला कायदा लागतो ते ठरतं. आम्ही दोघांची नावं निम्मी-निम्मी लावली. आपल्याला वाटतं युरोपातल्या बायका पूर्वीपासून मोकळ्या. अहो, इथली लग्न झालेली बाई १ जानेवारी १९५७ पर्यंत नवऱ्याच्या संमतीवाचून असा करारच करू शकत नव्हती! कॉरी टेंडेलो नावाच्या वकील खासदार बाईंनी संसदेत हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कायदा बदलला. दस्तऐवज डच भाषेत असतो. भाषा नीट येत नसेल तर दुभाषा न्यावा लागतो. मिस्टरांचं डच कच्चं, म्हणून आम्ही दुभाषा घेतला. माझं मी ऐकून घेतलं. पैसे सगळे नोटरीच्या खात्यातून जातात. टेबलाखालून काही नाही, हे मला फार आवडलं.

राहता राहिलं स्वयंपाकघर. आमच्याकडे शहराच्या गरम पाण्याच्या नळांनी घर तापतं, गॅसची जोडणीच नाही. (देशात २०१८च्या जुलैपासून नव्या घरांना सहसा गॅस देतच नाहीत.) इंडक्शनवर तळ सपाट असलेला लोखंडी तवा चालतो, ॲल्युमिनियमची कढई साधारणतः चालत नाही. फुलका जाळीवर फुगायचा नाही. तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवते, बरा होतो. घर पाहताना चुलीवरच्या पंख्याचा धूर खरंच बाहेर जातो का, ते आवर्जून बघा. पुष्कळ घरांत तो हवा नुसती गाळून परत आत सोडतो. उघड्या स्वयंपाकघरात लसणाची फोडणी दिली की वास थेट माळ्यावरच्या कपड्यांना लागतो!

आणि सही करण्याआधी विकणाऱ्यांची वस्तूंची यादी ओळ न् ओळ वाचा. काय राहणार, काय ते नेणार, ते तिच्यात लिहिलेलं असतं. पडदे, दिवे, कधीकधी जमिनीवरचं लाकडी आच्छादनसुद्धा उचलून नेतात. आमच्या यादीत जमीन 'राहणार', पडद्यांचे गज 'नेणार', बागेतलं सफरचंदाचं झाड 'राहणार' असं लिहिलं होतं. नोटरीकडे जायच्या दिवशी सकाळी घरातून शेवटची फेरी मारायची असते, तेव्हा यादी हातात ठेवली आणि एकेका ओळीवर खूण करत गेले. वीज-पाण्याच्या मीटरचे आकडेही तेव्हाच लिहून घेतले. किल्ल्या मिळाल्या त्या पाच, सायकलींच्या खोपटीची त्यात नव्हती. ती शेजारच्या आजींकडे निघाली.