इंजिनाचा कानोसा

1992 साली मी कराडजवळ हायवेच्या एका गॅरेजात पाना हातात घेतला. आमच्या मिस्त्रींचा पहिला नियम होता: गाडी दारात आली की पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवायचं, मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवणार, मूठ कानामागच्या हाडाला लावणार आणि डोळे मिटून एकेका सिलिंडरवरून पुढे सरकणार. आज माझ्या गॅरेजात स्कॅनर आहे, लॅपटॉप आहे. तो स्क्रू ड्रायव्हरही आहे, आणि अजून वापरात आहे.

तेव्हा आमच्या हातांना सवय होती ती बिनटर्बोच्या टाटा 697 ची. टाटा कमिन्स ही कंपनी 1993 साली सुरू झाली आणि तिचं जमशेदपूरला बनणारं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन 1613 सारख्या ट्रकमधून आमच्याकडे येऊ लागलं. गाडीवर ‘टीसी’ लिहिलेलं असायचं. या इंजिनाचा आवाजच वेगळा होता. पुढच्या टायमिंग गिअरचा घरघराट आणि वर टर्बोची बारीक शीळ. सुरुवातीला दर दुसरा ड्रायव्हर त्या शिळेचीच तक्रार घेऊन यायचा. ही शीळ निरोगी आहे हे समजावण्यात आमचं एक वर्ष गेलं. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या चाकाला आवाज असणारच. तो आवाज पोलिसांच्या सायरनसारखा चढत-उतरत जायला लागला किंवा पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आला, तर मात्र लगेच इंजिन बंद करून शाफ्टचा खेळ बोटाने बघायचा.

इंजिन मिस मारतंय म्हणजे सहापैकी एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट पेट घेत नाही. या इंजिनात सिलिंडर 1-5-3-6-2-4 या क्रमाने पेटतात, क्रँकच्या दर 120 अंशाला एक धक्का. त्यातला एक धक्का चुकला की सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या हाताला तो चुकलेला ठोका लागतो. दोषी सिलिंडर शोधायची रीतही सोपी होती. चालू इंजिनावर एकेका नोजलच्या पाइपचा नट 17 नंबरच्या पान्याने थोडा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन आणखी बसतं. सैल करूनही आवाजात काहीच फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर मुळात काम करत नाही. डिझेल फडक्यात टिपून घ्यायचं, नट परत आवळायचा, नोजल काढून टेस्टरवर चढवायचा. नोजलमधून धुक्यासारखा फवारा यायला हवा. थेंब गळताना दिसला की तिथेच निदान संपलं. धुराचा रंगही साक्ष द्यायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा हेड पॅकिंगमधून पाणी शिरलंय.

हे सगळं शिकून मी स्वतःला पक्का समजायला लागलो होतो. 1999 च्या ऊस हंगामात एक ट्रक आला. खालून जड, ठोक्याठोक्याचा आवाज. मी स्क्रू ड्रायव्हर लावला आणि निकाल दिला, ‘बेअरिंग वाजतंय.’ चेंबर उतरवला, कॅप खोलल्या. बेअरिंगं आरशासारखी. सगळं परत बांधलं, चालू केलं, तर आवाज तिथेच. संध्याकाळी मिस्त्री आले. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. हवेच्या मीटरकडे बघत उभे राहिले. टाकीत आठेक बार हवा भरली, अनलोडरने फुस्स केलं आणि ठोका बंद झाला. ब्रेक दाबून हवा सोडली, दाब उतरला, ठोका परत सुरू. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर त्याच गिअरांवर चालतो. त्याचं बेअरिंग झिजलं होतं आणि ठोका ब्लॉकमधून फिरून माझ्या कानाशी येत होता. हंगामात त्या मालकाची गाडी दोन दिवस माझ्यामुळे उभी राहिली. लोखंडातून आवाज प्रवास करतो, तो ऐकू येतो तिथे जन्मलेला असतोच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून आवाज कुठून येतो याआधी मी विचारतो, तो कधी बदलतो.

2010 मध्ये देशभर धुराच्या प्रदूषणाचं बीएस-3 मानक लागू झालं तोवर आमचं काम फारसं बदललं नव्हतं. खरा खांदेपालट 1 एप्रिल 2017 ला बीएस-4 ने केला. जड गाड्यांमध्येही कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी, आली, पंपाची जागा सेन्सर आणि वायरिंगने घेतली, डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवर आलं. जुना नोजल सव्वादोनशे-अडीचशे बारला उघडायचा, इथे रेलमध्ये सोळाशे-अठराशे बार दाब. चालू इंजिनावर नट सैल करायची आमची रीत इथे जीवघेणी आहे. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं डिझेल काढायला शस्त्रक्रिया लागते आणि बोट गमवायची वेळ येते. माझ्या गॅरेजात नव्या पोराला पहिल्या दिवशी हे सांगितलं जातं, आणि कॉमन रेलच्या पाइपावरून हात फिरवून गळती शोधणाऱ्याला मी त्याच दिवशी घरी पाठवतो.

आता सिलिंडर बंद करून बघायचं काम स्कॅनर करतो. पडद्यावर एकेक इंजेक्टर बंद करायचा आणि फेरे किती पडतात ते बघायचं. चाचणी तीच, पान्याऐवजी बटण. क्रँक सेन्सरही तेच करतो जे मिस्त्रींचा कान करायचा: सहा धक्क्यांपैकी कोणता अशक्त आहे ते मोजतो. पण इथे एक मेख आहे. एखादा सिलिंडर कमजोर पडला की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, त्याला आयडलिंगवर थोडं जास्त डिझेल देऊन बाकीच्यांच्या बरोबरीला आणतो. इंजिन गुळगुळीत चालतं, कानाला काही कळत नाही, आणि दुखणं आत वाढत राहतं. शिवाय मुख्य फवाऱ्याआधी थोडं डिझेल सोडून ज्वलन मऊ केलेलं असतं, त्यामुळे जुनी खडखडही राहिली नाही. म्हणून कोणत्या सिलिंडरला किती वाढीव डिझेल जातंय ते आकडे मी आधी वाचतो, मग इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून कोण जास्त डिझेल परत टाकतंय ते बघतो.

उलट, निव्वळ स्कॅनरवर विसंबणारेही फसतात. 2019 मध्ये एक दहा चाकी आली. खंबाटकीच्या चढाला झटके मारते, काळा धूर टाकते, ओढत नाही. दुसऱ्या एका गॅरेजात कोड निघाला होता ‘बूस्ट प्रेशर कमी’, म्हणून नवा टर्बो बसवला होता. मालकाचे पैसे गेले, तक्रार जशीच्या तशी. आम्ही इंटरकूलरकडे जाणारा पाइप बंद करून आत दोन बार हवा भरली आणि साबणाचं पाणी फिरवलं. खालच्या रबरी होजला, क्लिपच्या आतल्या बाजूला बोटभर चीर होती. हाताने चाचपली तर लागायची नाही, दाबाखाली ओठासारखी उघडायची. होज बदलला, गाडी घाट चढली. ‘बूस्ट कमी’ म्हणताना सेन्सर खरंच बोलत होता. हवा का कमी आहे, हे शोधायचं काम माणसाचं होतं, ते कुणी केलंच नव्हतं.

2020 च्या बीएस-6 नंतर सायलेन्सरच्या जागी आख्खा कारखाना आला. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने तुंबला की धूर बाहेर पडायला वाट राहत नाही, गाडी दबते आणि टर्बोचा आवाज बदलतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्यांना हे जास्त होतं, कारण काजळी जळायला लागणारी उष्णताच तयार होत नाही. इथेही टर्बो बदलून पश्चात्ताप करणारे मी पाहिलेत.

तेहेतीस वर्षांत इंजिनं तीनदा बदलली, पण तपासायचा माझा क्रम तोच राहिला. आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, पाण्याचा कप, होज आणि क्लिपा, वायरिंगचे सॉकेट. मग टॅपेट: त्या जुन्या टीसीला इनलेट 0.25 आणि एक्झॉस्ट 0.50 मिलिमीटर, इंजिन थंड असताना. मग नोजल. टर्बो आणि पंप सगळ्यात शेवटी. स्वस्त आणि उघड्यावर असलेल्या गोष्टी आधी बघितल्या तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात, आणि निम्म्याहून जास्त गाड्या तिथेच सुधारून परत गेलेल्या मी बघितल्या आहेत.

ड्रायव्हर मंडळींना माझी एक विनंती आहे. काही आवाज फक्त थंड इंजिनाचेच असतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं की सकाळी टकटक येते आणि लोखंड तापून फुगलं की ती बंद होते. तुम्ही चाळीस किलोमीटर चालवून गाडी आणता, तोवर आवाज गेलेला असतो आणि मी नुसत्या तुमच्या सांगण्यावर चाचपडत बसतो. असा आवाज असेल तर रात्री गाडी गॅरेजाच्या आवारात लावा आणि चावी देऊन जा. सकाळी पहिला स्टार्टर मला मारू द्या.