चित्रकलेच्या फाइलचे पहिले पान : सजावट नव्हे, निवड

नवी दिल्ली : राजधानीच्या नैर्ऋत्य भागात दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेल्या द्वारका उपनगरातील शाळांमध्ये चित्रकलेची व प्रकल्पकार्याची फाइल हा विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या कामाचा नेहमीचा भाग आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचे मुख्य कार्यालयही याच उपनगरात, सेक्टर २३ मध्ये आहे. फाइल उघडताच शिक्षकांच्या दृष्टीस प्रथम पडते ते तिचे शीर्षकपृष्ठ. त्यामुळेच या एका पानावर घरोघरी सर्वाधिक खटाटोप होतो. ते कधी पालक रंगवून देतात, तर कधी तयार नमुना संगणकावरून उतरवून छापून घेतला जातो. असे पान देखणे दिसते; मात्र ते विद्यार्थ्याचे राहत नाही.

कलेला अभ्यासक्रमात स्थान

मंडळाने २०१९ मध्ये पहिली ते बारावीच्या सर्व वर्गांसाठी आठवड्यातून किमान दोन तासिका कलाशिक्षणासाठी राखून ठेवण्याचे निर्देश दिले. इतर विषयांचे अध्यापनही कलेच्या आधारे व्हावे, असे त्यात अपेक्षित होते. त्यानंतर २०२० मध्ये दहावीपर्यंतच्या वर्गांसाठी कलेशी सांगड घालणारे प्रकल्प अनिवार्य करण्यात आले. हे प्रकल्प 'एक भारत श्रेष्ठ भारत' या उपक्रमाशीही जोडण्यात आले. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी जाहीर झालेल्या या उपक्रमात राज्यांच्या जोड्या ठरविण्यात आल्या असून दिल्लीची जोडी सिक्कीमशी, तर महाराष्ट्राची ओडिशाशी आहे. त्यामुळे द्वारकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलाच्या फाइलवर सिक्कीमचे कांचनजंगा शिखर येते, तर पुण्या-नागपूरकडील मुलाच्या वाट्याला ओडिशाचे पट्टचित्र येते.

कधीही न पाहिलेल्या प्रदेशाचे शीर्षकपृष्ठ तयार करताना नमुना उतरवून घेण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु प्रकल्पाचा हेतू नेमका तेथेच निष्फळ ठरतो.

चिन्हामागील अर्थ

सिक्कीमविषयक फाइलवर रंगीबेरंगी पताकांची माळ हमखास आढळते. या प्रार्थना पताकांचा क्रम निळा, पांढरा, तांबडा, हिरवा व पिवळा असा असतो आणि हे रंग अनुक्रमे आकाश, वायू, अग्नी, जल व पृथ्वी या तत्त्वांचे निदर्शक मानले जातात. हाताशी असलेले रंग वाटेल त्या क्रमाने भरले तर उरते ती केवळ शोभा. क्रम जाणून भरले तर तेच पान अभ्यासाची साक्ष देते.

कांचनजंगेचेही तसेच आहे. ८,५८६ मीटर उंचीचे हे शिखर सिक्कीममध्ये रक्षक देवता म्हणून पूजले जाते. पांग ल्हाबसोल या उत्सवात त्याच्या सन्मानार्थ मुखवटे धारण करून नृत्य होते. कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाला २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत निसर्ग व संस्कृती या दोन्ही निकषांवर स्थान मिळाले. एवढी माहिती असलेला विद्यार्थी केवळ हिमाच्छादित त्रिकोण काढून थांबत नाही; शिखर आणि मुखवटा यांचा संबंध तो एकाच चित्रात दाखवू शकतो.

आपल्या परिसरातील आकारांचाही येथे उपयोग होतो. द्वारकेच्या सेक्टर १२ मध्ये लोदी काळातील पायऱ्यांची विहीर आहे. सेक्टर २५ मधील 'यशोभूमी' या संमेलन केंद्राच्या फरशीत पितळी पट्ट्यांतून रांगोळीचे आकार साकारले आहेत. हे केंद्र सप्टेंबर २०२३ मध्ये खुले झाले. पानाच्या चौकटीसाठी विहिरीच्या पायऱ्यांची लय किंवा रांगोळीची वळणे घेतली आणि मध्यभागी सिक्कीमचे चिन्ह ठेवले, तर दोन प्रदेशांची जोडी शब्दांविनाही व्यक्त होते.

मांडणीचे नियम

फाइलसाठी सामान्यतः वापरला जाणारा ए-४ आकाराचा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. छिद्रे पाडण्यासाठी डावीकडे सुमारे ३० मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी लागते. म्हणजे पानाचा दृश्य मध्य कागदाच्या मध्यापेक्षा साधारण १५ मिलिमीटर उजवीकडे सरकतो. हे लक्षात न घेतल्यास मध्यभागी काढलेली आकृती फाइलमध्ये लावल्यावर एका बाजूस कलल्यासारखी दिसते.

पानावर एक आकृती मुख्य असावी आणि बाकीच्यांनी तिला साथ द्यावी. सिक्कीममधील थांका चित्रांत हे तत्त्व स्पष्ट दिसते. सुती कापडावर आधी मापाच्या रेषा आखल्या जातात, मध्यभागी प्रमुख आकृती मोठी येते आणि भोवती लहान आकृत्यांची रचना होते. भरजरी वस्त्राची किनार संपूर्ण चित्राला बांधून ठेवते. थांका हे पूजेचे चित्र असल्याने त्यातील देवतांचा शोभेसाठी वापर न करता त्याची रचनापद्धती घेणे अधिक उचित ठरते.

अक्षरलेखनाकडे बहुधा सर्वांत शेवटी लक्ष जाते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी व मात्रा, तर अक्षराखाली उकार येतात. म्हणून शीर्षकाच्या ओळीला वर आणि खाली पुरेशी जागा सोडून आधी पेन्सिलीने शिरोरेखा आखून घेणे श्रेयस्कर असते. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या पालकांना हे नवीन नाही. त्या परीक्षांतील संकल्पचित्र आणि अक्षरलेखन हे दोन्ही भाग शीर्षकपृष्ठात एकत्र येतात. नाव, इयत्ता, तुकडी आणि विषय हा मजकूर दुरूनही वाचता यावा, ही पहिली अट होय. गर्द पार्श्वभूमीवर गर्द अक्षरे असतील तर उत्तम चित्रही व्यर्थ जाते.

पहिले पान शेवटी

शीर्षकपृष्ठ फाइलमध्ये पहिले असले तरी ते सर्वांत शेवटी करणे हिताचे आहे. आतील काम पूर्ण झाल्यावरच फाइलचा गाभा कोणता, हे विद्यार्थ्याला उमगते. त्यासाठी आतील पानांतून तीन आकृत्या निवडाव्यात, प्रत्येकीचा लहान कच्चा आराखडा काढावा आणि त्यांतील एक कायम करावा. 'हीच का निवडली?' या प्रश्नाचे उत्तर मुलाला दोन वाक्यांत देता आले, तर ते पान त्याचे झाले असे समजावे.

पालकांनी कागद कापून द्यावा, रेषा सरळ आहे की नाही ते पाहावे आणि हा प्रश्न विचारावा. कुंचला मात्र मुलाच्याच हाती असू द्यावा. साहित्यही महागडे असण्याची आवश्यकता नाही. सहज उपलब्ध होणारे, पर्यावरणास अपाय न करणारे साहित्य वापरावे, असेच या प्रकल्पांमागील धोरण आहे. जुन्या कागदाचे तुकडे, वाळलेली पाने आणि साधे जलरंग त्यासाठी पुरतात. रेषा थोडी वाकडी आली तरी बिघडत नाही. पताकांचा क्रम मात्र मुलाला ठाऊक असला पाहिजे.